आठवड्याला दोनशे डॉलर: फ्रान्सिस मॅरियनचं चरित्र वाचताना

चित्रपटाच्या लेखकाचं चरित्र हातात आलं की मी आधी एकच गोष्ट शोधते: पैशाचे आकडे आहेत का? नटनट्यांच्या चरित्रात प्रेमप्रकरणं, रुसवेफुगवे, बंगले चालून जातात. लेखकाच्या चरित्रात मला करार बघायचा असतो. पैसे कोणी दिले, किती दिले, कशाचे दिले, आणि पडद्यावर नाव कुणाचं लागलं. मी मालिकांचे संवाद लिहून पोट भरते, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. कॅरी बोशाम्प यांचं 'विदाउट लाइंग डाउन' हे फ्रान्सिस मॅरियनचं चरित्र या विषयात चांगल्या गुणांनी पास होतं. दुसऱ्या एक-दोन विषयांत ते काठावर आहे, त्याबद्दल पुढे बोलूच.

पुस्तक १९९७ सालचं. इंग्रजीत, साडेचारशेहून जास्त पानांचं, शेवटी तळटीपांचा आणि चित्रपटसूचीचा भरगच्च भाग. नावामागचं वाक्य मॅरियनबाईंचंच आहे. आपण ज्याच्याकडे मान वर करून बघावं, पण त्यासाठी आडवं पडावं लागू नये, अशा पुरुषाच्या शोधात सगळा जन्म गेला, असं त्या म्हणायच्या. चार लग्नं केलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य आणखी रंगतं. पण पुस्तक त्या नवऱ्यांपेक्षा तिच्या कामाबद्दल जास्त आहे, आणि ते बरंच आहे.

ज्यांना हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव मॅरियन बेन्सन ओवेन्स, जन्म १८८८, सॅन फ्रान्सिस्को. १९०६च्या भूकंपात शहर जळालेलं पाहिलं. वृत्तपत्रात उमेदवारी केली, चित्रं काढली, नाटक कंपनीची पोस्टरं रंगवली. पुढे लॉस एंजेलिसला लोइस वेबर या दिग्दर्शिकेच्या हाताखाली मूकपटाच्या धंद्यात शिरली आणि पडेल ते काम केलं. तिथून तिसाव्या दशकापर्यंत ती हॉलिवूडमधली सर्वांत जास्त पैसे घेणाऱ्या पटकथाकारांपैकी एक होती. बायकांमधली नव्हे, सगळ्यांमधली. दोन ऑस्कर, शंभराहून जास्त चित्रपट. तरीही हॉलिवूडच्या जुन्या काळाबद्दल गप्पा निघाल्या की दिग्दर्शकांची नावं भराभर येतात, हिचं येत नाही. लेखकाचं नशीब, दुसरं काय.

पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे फोर्ट ली. आपल्या डोक्यात हॉलिवूड म्हणजे कॅलिफोर्निया, पण १९१५च्या सुमाराला न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावात स्टुडिओंची गर्दी होती. मॅरियन न्यूयॉर्कला आली ती मूकपटांची मोठी तारका मेरी पिकफर्डसाठी लिहिलेला 'द फाउंडलिंग' प्रदर्शित होणार म्हणून. प्रदर्शनाआधीच आग लागली आणि चित्रपटाची निगेटिव्ह जळून गेली. हातात श्रेय नाही, काम नाही, आणि घर देशाच्या दुसऱ्या टोकाला.

मग ही बाई वर्ल्ड फिल्म्स या कंपनीच्या विल्यम ब्रेडीकडे जाते आणि सांगते, दोन आठवडे फुकट काम करते, आवडलं तर ठेवा. इथपर्यंत गोष्ट कुठल्याही उमेदवाराची आहे. गंमत पुढे आहे. ती नवी कथा लिहायला बसत नाही. ती विचारते, तुमच्याकडे पडून असलेले, दाखवायच्या लायकीचे नाहीत म्हणून फडताळात टाकलेले चित्रपट कुठले आहेत? त्यातला एक काढते. त्यात खुद्द मालकाची मुलगी अ‍ॅलिस ब्रेडी नायिका असते. चित्रपट इतका रडका की बघताना हसू यावं. मॅरियन त्याला पुढे एक प्रवेश जोडते, शेवटी एक प्रवेश जोडते, आणि त्या रडारडीचा सरळ विनोदी चित्रपट करून टाकते. म्हणजे मधलं चित्रण जवळपास तेच, पण बघणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं की हे गंभीरपणे घेऊ नका. तो चित्रपट ९,००० डॉलरला विकला गेला. तिला आठवड्याला २०० डॉलरचा करार मिळाला आणि थोड्याच काळात ती तिथल्या लेखन विभागाची प्रमुख झाली.

मी हा भाग वाचून पुस्तक मिटलं आणि पुन्हा पहिल्यापासून तोच भाग वाचला. कारण पटकथेच्या वर्गात तीन महिने घोकून जे कळत नाही ते यात आहे. चित्रित झालेला मजकूर बदलता येत नाही, पण त्याच्या आधी काय ठेवायचं आणि नंतर काय, हे तुमच्या हातात असतं. आणि दुसरी गोष्ट धंद्याची: तिने मालकाला त्याचेच बुडालेले पैसे वर काढून दाखवले. त्यानंतर पगाराची बोलणी करायला जीभ अडखळत नाही.

यानंतर येतो 'द पुअर लिटल रिच गर्ल', १९१७. मेरी पिकफर्ड तेव्हा चोविशीची होती आणि भूमिका होती एका लहान मुलीची. श्रीमंतांच्या घरात आईबापांना वेळ नाही म्हणून एकटी पडलेली पोर. दिग्दर्शक मॉरिस तूर्नरने सेटवर टेबल-खुर्च्या, दरवाजे मापापेक्षा मोठे करून घेतले, म्हणजे बाई आपोआप लहान दिसावी. हे सगळं तंत्र ठीक. पण चित्रपटात जीव आणला तो मॅरियन आणि पिकफर्ड या दोघींनी सेटवर उभ्या उभ्या घुसडलेल्या खोड्यांनी. त्यातली चिखलफेक बघाच. तूर्नरला ते बिलकूल पटलं नव्हतं, मूळ संहितेत असलं काही नाहीच असं त्याचं म्हणणं. कंपनीच्या साहेबांनी तयार चित्रपट पाहिला आणि तोंडं पाडली. दोघी मैत्रिणींना वाटलं, संपलं, आता आपल्याला कुणी विचारत नाही. चित्रपट लागला आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. मग फेमस प्लेअर्स-लास्की या चित्रपट कंपनीने मॅरियनला वर्षाला ५०,००० डॉलर देऊन पिकफर्डची खास लेखिका म्हणून बांधून घेतलं.

मूकपटाचा लेखक करतो तरी काय, संवाद तर नसतातच, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. हा चित्रपट त्याचं उत्तर आहे. १९१७चा असल्याने तो आता अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा आहे आणि सहज बघायला मिळतो. पुस्तकाचं ते प्रकरण वाचायच्या आधी तासभर काढून बघून घ्या. बघताना पाट्यांवरच्या मजकुराकडे कमी आणि त्या पोरीच्या हातांकडे जास्त लक्ष द्या. कंटाळलेलं मूल हाताने काय काय करतं, ते कुणीतरी नीट बघून ठेवलेलं आहे.

बोशाम्प यांचं खरं कौशल्य दिसतं ते मैत्रीच्या गोष्टीत. 'बायकांनी बायकांना मदत केली' असं गोड गोड वाक्य टाकून त्या मोकळ्या होत नाहीत, मदत म्हणजे नेमकं काय ते दाखवतात. मारी ड्रेसलरचं उदाहरण घ्या. मॅरियन सॅन फ्रान्सिस्कोत नवशिकी बातमीदार होती तेव्हा ड्रेसलर ही रंगभूमीवरची मोठी नटी. मॅरियन जिथे काम करायची त्या, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वृत्तपत्राशी तिचं वाकडं होतं, तरी या पोरीची नोकरी वाचावी म्हणून तिने मुलाखत दिली. वर्षं गेली. विसाव्या दशकाच्या मध्यावर ड्रेसलरकडे काम उरलं नव्हतं, वय पन्नाशी उलटलेलं, अंगाने थोराड. तेव्हा एमजीएम या बड्या स्टुडिओत वजन असलेल्या मॅरियनने तिच्यासाठी म्हणून 'द कॅलाहान्स अँड द मर्फीज' लिहिला. १९२७ सालचा हा चित्रपट आयरिश लोकांच्या निषेधामुळे मागे घ्यावा लागला, म्हणजे पहिला डाव फुकट गेला. बाई थांबली नाही. १९३०मध्ये ग्रेटा गार्बो या तारकेच्या पहिल्या बोलपटात, 'अ‍ॅना ख्रिस्ती'मध्ये, ड्रेसलरला मार्थीची भूमिका. त्याच वर्षी 'मिन अँड बिल'. त्यासाठी ड्रेसलरला ऑस्कर मिळालं आणि पुढची दोन-तीन वर्षं साठी ओलांडलेली ही बाई अमेरिकेतल्या तिकीटखिडकीवर सगळ्यात वरच्या नावांत होती. तरण्याताठ्या नायिकांच्याही वर.

मला यात कृतज्ञतेपेक्षा कामाची समज जास्त दिसते. मॅरियन नेहमी माणूस समोर ठेवून लिहायची. पिकफर्डसाठी लिहिताना पिकफर्ड, ड्रेसलरसाठी ड्रेसलर, वॉलेस बीरीसाठी बीरी. 'कथा आधी, नट नंतर' असलं तिने काही मानलं नाही. आणि त्यासाठी तिला सेटवर, संकलनाच्या खोलीत, नटीच्या घरी मोकळी ये-जा लागायची. ही मुभा होती तोवर तिची लेखणी चालली. माझ्या मते या सगळ्या चरित्राचा कणा हाच आहे, जरी लेखिका तो असा एका दमात कुठे सांगत नसली तरी.

आता तक्रारी. विसाव्या दशकाच्या प्रकरणांत माणसांचा इतका महापूर येतो की मी पेन्सिल घेऊन समासात नावं लिहायला लागले. कोण कुणाच्या पार्टीला गेलं, कुणाच्या जहाजावर कोण होतं, कुणाच्या डोंगरावरच्या बंगल्यात किती खोल्या. अभ्यासकांना हे लागत असेल. मला दर दोन पानांनी वाटायचं, बाई, ती लिहायला कधी बसली ते सांगा. त्या दशकात तिने 'स्टेला डॅलस' लिहिला, व्हॅलेंटिनो या नटाचा शेवटचा 'द सन ऑफ द शेख' लिहिला, लिलियन गिश या नटीसाठी 'द स्कार्लेट लेटर' आणि 'द विंड' लिहिले. यातल्या एकेकावर मी दहा पानं आनंदाने वाचली असती. 'द विंड'च्या बाबतीत वाळवंटातली उष्णता आणि वादळ उठवायला आणलेले विमानाचे पंखे, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण वारा हेच पात्र असलेली गोष्ट कागदावर कशी उतरवतात? मूळ कादंबरीत नायिका शेवटी वादळात निघून जाते, पडद्यावर ती नवऱ्याजवळ थांबते, हा बदल लेखिकेच्या बाजूने कसा दिसतो? तिथे पुस्तक घाईत पुढे सरकतं.

याला थोडी सबबही आहे. त्या काळातलं बरंचसं काम बघायलाच उरलेलं नाही. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ मधल्या जवळजवळ ११,००० अमेरिकी मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटर स्वरूपात शिल्लक आहेत. जे जळालं, सडलं, फेकलं गेलं त्यावर लेखिका तरी काय बोलणार. पण 'द विंड' शिल्लक आहे ना!

उपशीर्षकात 'सामर्थ्यशाली स्त्रिया' असं अनेकवचन आहे, तेही मला अर्धंच पाळलेलं वाटलं. तिच्या लेखक मैत्रिणी अनिता लूस, बेस मेरिडिथ, अ‍ॅडेला रॉजर्स सेंट जॉन्स येतात आणि पाहुण्यांसारख्या चहा पिऊन जातात. १९२७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीची स्थापना झाली तेव्हा ३६ संस्थापकांत तीन बायका होत्या, मेरी पिकफर्ड, बेस मेरिडिथ आणि जीनी मॅकफर्सन. तिघींतल्या दोघी पटकथाकार! एवढ्या एका गोष्टीवर स्वतंत्र पुस्तक होईल.

नवऱ्यांपैकी तिसरा, फ्रेड थॉमसन, हा मात्र कंटाळवाणा नाही. धर्मोपदेशक, खेळाडू, आणि मग 'सिल्व्हर किंग' नावाच्या घोड्यासकट काउबॉयपटांचा नायक. मॅरियनने १९२१ साली स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'द लव्ह लाइट'मध्ये पिकफर्डसमोर तोच होता. पुढे त्याच्या काउबॉयपटांसाठी तिने 'फ्रँक एम. क्लिफ्टन' या पुरुषी टोपणनावाने लिहिलं. देशात सगळ्यात जास्त मागणी असलेली लेखिका, आणि नवऱ्याच्या घोडेस्वारीच्या चित्रपटांना नाव लावते भलत्याच बाप्याचं. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडीचा बाप जोसेफ केनेडी थॉमसनच्या कराराचा मालक झाला आणि त्याची कारकीर्द कशी गुंडाळली गेली, तो भाग वाचताना संताप येतो. बोशाम्प यांनाही आला असावा, कारण पुढे त्यांनी केनेडीच्या हॉलिवूडमधल्या वर्षांवर वेगळं पुस्तकच लिहिलं. १९२८च्या नाताळच्या दिवशी थॉमसन धनुर्वाताने गेला. खिळा पायात घुसल्याचं निमित्त. पदरात दोन लहान मुलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत तिने काय लिहिलं ते बघा: 'अ‍ॅना ख्रिस्ती', 'मिन अँड बिल', 'द बिग हाउस'. शेवटच्या चित्रपटासाठी ती सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेली, कैद्यांची बोली, जेवणाच्या वेळा, रांगा पाहून आली. बोलपट सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती आणि बहुतेक चित्रपटांत माणसं फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनभोवती घोळका करून बोलत होती. इथे शेकडो बुटांचा आवाज, पत्र्याच्या ताटांचा खडखडाट, आणि अचानक पडणारी शांतता. डग्लस शिअररला याच चित्रपटासाठी ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर मिळालं, आणि लेखनाचं मॅरियनला. लेखनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री. समारंभ झाला तो नोव्हेंबर १९३०, अ‍ॅम्बॅसेडर हॉटेल. त्या पुतळ्याबद्दल तिची शेरेबाजी प्रसिद्ध आहे: दणकट शरीर, हातात चमकती तलवार, आणि मेंदू असायचा तो डोक्याचा भाग कापलेला, चित्रपटधंद्याचं अगदी चपखल चिन्ह.

याच चित्रपटाची आणखी एक हकीकत मला फार आपलीशी वाटली. तयार चित्रपट आधी निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा थंडा प्रतिसाद आला. निर्माता अर्व्हिंग थॅलबर्गने कारण शोधून काढलं: एक कैदी दुसऱ्या कैद्याच्या बायकोच्या प्रेमात पडतो हे लोकांना रुचत नव्हतं. मग तेवढे प्रवेश पुन्हा चित्रित झाले आणि बायकोची बहीण झाली. रात्रीतून पात्राचं नातं बदलण्याचा निरोप ज्यांना चॅनेलकडून आलेला आहे, त्यांनी हा परिच्छेद चौकट करून भिंतीवर लावावा. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी ऑस्करविजेत्या पटकथेचंही हेच झालं होतं, आणि खरं सांगायचं तर थॅलबर्गचं बरोबर होतं.

थॅलबर्ग म्हणजे तिच्या कारकिर्दीचा आधार आणि त्याच वेळी तिच्या धंद्याला लागलेली कीडही. एका पटकथेवर एकामागून एक, कधी एकाच वेळी, अनेक लेखक बसवायची पद्धत त्याने एमजीएममध्ये रुजवली. मॅरियनचा त्याच्यावर विश्वास होता, त्याचाही तिच्यावर, म्हणून तिला ती पद्धत फार जाचली नाही. १९३१ सालच्या 'द चॅम्प'च्या कथेसाठी दुसरं ऑस्कर मिळालं, 'डिनर अ‍ॅट एट' हर्मन मँकिविट्झबरोबर लिहिला. १९३३ साली स्टुडिओंनी बँका बंद पडल्याचं कारण सांगून पगार निम्म्यावर आणले, तेव्हा लेखकांची संघटना उभी राहिली. सर्वांत जास्त पगार घेणारी बाई त्या संघटनेची उपाध्यक्ष झाली. तिचं भागत होतं, तिने गप्प बसायला हरकत नव्हती. पुस्तकातला हा भाग लहान आहे पण घट्ट लिहिलेला आहे.

१९३६मध्ये थॅलबर्ग वारला आणि मग पानापानाला तिची जागा आक्रसत जाते. सेटवर लेखकाने येण्याची गरज काय, असं विचारणारे निर्माते आले. लिहिलेलं दुसऱ्याकडे, त्याचं तिसऱ्याकडे. १९४६मध्ये तिने स्टुडिओ सोडला आणि शिल्पकला, मातीकाम, लेखन यात रमली. १९७२ साली तिचं आत्मचरित्र आलं, पुढच्या वर्षी ती गेली, चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन. ही शेवटची प्रकरणं बोशाम्प यांनी हुंदके न देता लिहिली आहेत.

भाषा सोपी आहे. वर्तमानपत्रातली इंग्रजी सहज वाचणाऱ्याला अडायला होणार नाही, नावांच्या गर्दीचा अपवाद सोडला तर. तळटीपा मागे आहेत, त्या वाचाच, कारण मॅरियनबाई स्वतःच्या आठवणी रंगवून सांगण्यात पटाईत होत्या आणि कुठली गोष्ट कुणाकडून आली हे तिथेच कळतं. याच पुस्तकावरून केलेला एक माहितीपटही आहे, निवेदन उमा थर्मनचं आणि मॅरियनचा आवाज कॅथी बेट्सचा. त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे बघायला मिळतात ही जमेची बाजू, पण करार, पगार, फोर्ट लीचं फडताळ हे सगळं त्यात भुर्रकन निघून जातं. तो बघून पुस्तक टाळायचा विचार असेल तर टाळू नका.

कुणी घ्यावं? पटकथा-संवाद लिहून पैसे मिळवणाऱ्यांनी विकत घ्यावं, उसनं नको, कारण समासात खुणा होणारच. जुन्या चित्रपटांचा नाद असलेल्यांनी ग्रंथालयातून आणावं आणि सोबत 'द पुअर लिटल रिच गर्ल', 'द विंड', 'द बिग हाउस' हे तीन याच क्रमाने बघावे. नुसत्या तारेतारकांच्या भानगडी हव्या असतील तर मधली दीडशे पानं तुमचीच आहेत, ती मी तुम्हाला खुशाल देऊन टाकते.